ऑरेंज पार्कचे दफ्तर

फ्लॉरिडाच्या ईशान्य कोपऱ्यात, जॅक्सनव्हिल शहराच्या दक्षिणेला, सेंट जॉन्स नदीच्या काठी ऑरेंज पार्क नावाचे एक गाव आहे. मानसशास्त्राच्या इतिहासात ह्या गावाला कायमची जागा मिळावी असे त्याच्या अंगी स्वतःचे काही नव्हते. पण तेथली हवा उबदार होती, आफ्रिकेतल्या अरण्यातून आणलेल्या जिवांना ती बारमाही मानवण्यासारखी होती, आणि एवढ्या एका गुणावर १९३० साली येल विद्यापीठाने तेथे मानवसदृश कपींच्या अभ्यासाचे एक ठाणे उघडले. १९६५ पर्यंत हे ठाणे तेथे नांदले. ह्या पस्तीस वर्षांत तेथे चिंपांझींची स्मृती मोजली गेली, दृष्टी मोजली गेली, त्यांच्या वाढीचा वेग मोजला गेला, आणि प्रत्येक मोजणीची नोंद तारीखवार दफ्तरात चढली. परंतु प्राण्यांना कल्पनाशक्ती असते काय, जे समोर नाही ते आहे असे धरून ते लुटुपुटूचा खेळ खेळू शकतात काय, हा प्रश्न निघाला की विद्वान मंडळी ह्या गावातला जो दाखला आवर्जून देतात, तो त्या मोजणीच्या खोल्यांतला नाही. ती घटना घडली तेथल्या एका संशोधकाच्या राहत्या घरात, न्हाणीघरात, आरशापुढे केस विंचरीत उभ्या असलेल्या त्याच्या पत्नीच्या पाठीमागे.

प्रश्न अर्थातच ठाण्याहून जुना. डार्विनने १८७१ साली ‘द डिसेंट ऑफ मॅन’ ह्या ग्रंथात कुत्री, मांजरे, घोडे, किंबहुना पक्षीदेखील झोपेत स्वप्ने पाहतात, हे त्यांच्या हालचालींवरून आणि आवाजावरून दिसते, तेव्हा त्यांना थोडीबहुत कल्पनाशक्ती आहे हे मान्य केलेच पाहिजे, असा निर्वाळा दिला होता. त्याच ग्रंथात त्याच्या घरच्या कुत्र्याची हकीकत आहे: उन्हाच्या शांत दिवशी हिरवळीवर एक उघडी छत्री पडली होती, वाऱ्याच्या झुळकीने ती मधूनमधून हलत होती, आणि ती हलली की कुत्रे गुरगुरून भुंकत होते. जवळपास माणूस दिसत नसताना छत्री हलते त्याअर्थी कोणीतरी अदृश्य परका तेथे आहे, असे त्या कुत्र्याच्या मनाने नकळत घेतले असावे, हा डार्विनचा तर्क. पुढे १८९६ साली कार्ल ग्रोस ह्या जर्मन पंडिताने प्राण्यांच्या खेळांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला, खेळ ही पुढच्या आयुष्याची तालीम होय असा सिद्धांत मांडला, आणि लटके भांडणारे कुत्र्याचे पिल्लू, जे दात रुतू देत नाही, त्याला आपले भांडण लटके आहे याची जाणीव असू शकेल, इथपर्यंत तो गेला. पण दरम्यान १८९४ मध्ये लॉइड मॉर्गन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने एक नियम घालून दिला होता, की खालच्या पायरीच्या मनोव्यापाराने एखाद्या कृतीचा उलगडा होत असेल तर वरच्या पायरीचा व्यापार प्राण्याच्या पदरी बांधू नये. नियम रास्त होता. पण त्याचा अंमल असा कडक झाला की संशयाचा फायदा द्यायची वेळ आली म्हणजे तो नेहमी प्राण्याच्या विरुद्ध बाजूलाच मिळू लागला.

अशा हवेत रॉबर्ट यर्कीज ह्या गृहस्थांची कारकीर्द घडली. मोजणी हा त्यांचा पिंड. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करातील सुमारे १७ लक्ष माणसांच्या बुद्धीची परीक्षा ज्या योजनेखाली घेण्यात आली तिचे ते प्रमुख होते. १९२३ साली त्यांनी दोन तरुण कपी विकत घेतले. त्यांतला चिम नावाचा नर इतका समजूतदार आणि उमद्या स्वभावाचा निघाला, की एरवी आकड्यांत बोलणारे यर्कीज त्याच्याविषयी लिहिताना एखाद्या आप्ताविषयी लिहावे तसे लिहितात. पुढच्याच वर्षी, क्यूबात हवानाजवळ रोझालिया अब्रेऊ नावाच्या धनाढ्य बाईंच्या खाजगी प्राणिसंग्रहात मुक्कामाला असताना, चिम दगावला. तो साधा चिंपांझी नव्हता, बोनोबो होता, हे मागाहून ध्यानात आले. कारण बोनोबो ही जात वेगळी आहे हे बेल्जममधील संग्रहालयातल्या कवटीवरून १९२९ साली प्रथम ठरले. ह्या बारीक तपशिलाचे महत्त्व पुढे येईल.

त्याच १९२९ साली रॉकफेलर प्रतिष्ठानाने पाच लक्ष डॉलरांची मंजुरी दिली आणि वर्षभरात ऑरेंज पार्कचे ठाणे उभे राहिले. अब्रेऊबाई निवर्तल्यावर त्यांच्या संग्रहातील काही चिंपांझी ठाण्याच्या स्वाधीन झाले. त्यांत ग्वा नावाची, १९३० च्या नोव्हेंबरात जन्मलेली एक मादी होती, आणि तिच्यापासून ह्या गावात एक विलक्षण चाल पडली: कपीचे पोर आईपासून काढून माणसाच्या घरात माणसाच्या पोरासारखे वाढवायचे आणि काय होते ते पाहायचे. ह्या चालीचा अगदी पहिला मान ऑरेंज पार्कचा नव्हे. मॉस्कोत नाद्येझ्दा लादिगिना-कोट्स ह्या विदुषींनी १९१३ ते १९१६ ह्या काळात योनी नावाचे चिंपांझीचे पोर घरी वाढवले होते आणि पुढे स्वतःच्या मुलाच्या बालपणाची तितकीच बारकाईने टिपणे ठेवून १९३५ साली दोघांची तुलना प्रसिद्ध केली होती. पण अमेरिकेत ही चाल रूढ झाली ती विन्थ्रॉप आणि लुएला केलॉग ह्या दांपत्यामुळे. त्यांनी १९३१ च्या जूनमध्ये साडेसात महिन्यांच्या ग्वाला आपल्या दहा महिन्यांच्या डोनल्डबरोबर एकाच पाळण्यातल्यागत वाढवायला घेतले, दोघांना सारखे कपडे, सारखा आहार, सारखे लाड दिले, आणि नऊ महिन्यांनी प्रयोग गुंडाळला. ग्वा माणसासारखी बोलू लागली नाही. उलट डोनल्डच खाऊ दिसला की तिच्यासारखे हुंकारू लागला. ग्वाला ठाण्यावर परत पाठवण्यात आले, आणि १९३३ साली, ज्या वर्षी तिच्यावरचे पुस्तक बाहेर पडले त्याच वर्षी, ती न्यूमोनियाने मेली.

१९४१ साली यर्कीज निवृत्त झाले, कार्ल लॅशली संचालक झाले, आणि त्यांच्याबरोबर १९४२ मध्ये डॉनल्ड हेब हा तरुण कॅनेडियन मानसशास्त्रज्ञ आला. हेबने ऑरेंज पार्कविषयी जे लिहून ठेवले आहे ते, माझ्या मते, त्या ठाण्याच्या दफ्तरातील सर्वांत प्रामाणिक पान होय. दोन वर्षे तेथे असा कसून प्रयत्न झाला, की चिंपांझींच्या स्वभावाचे वर्णन करताना राग, भीती, लाज, मत्सर असले मानवी शब्द मुळीच वापरायचे नाहीत. कोणत्या जनावराने कोणते अवयव कसे हलवले एवढेच लिहायचे. निष्पन्न झाले ते न संपणाऱ्या सुट्या कृतींचे एक बाड, ज्यात अर्थ नाही आणि संगती नाही. याउलट, ही भित्री आहे, हा माणसांचा द्वेष करतो, ती लाडीगोडी लावून मग चावते, असे सरळ मानवी शब्द वापरले की नव्या माणसाला त्या जनावराशी कसे वागावे हे लगेच कळत असे, आणि न कळल्यास बोट जाण्याचा प्रसंग होता. ठाण्यावरच्या काही चिंपांझींची तर अशी खोड होती, की पाहुणा येताना दिसला म्हणजे तोंडभर पाणी भरून घ्यायचे, आपण त्या गावचेच नव्हे असा चेहरा करून जाळीशी उभे राहायचे, आणि पाहुणा टप्प्यात आला की त्याला न्हाऊ घालायचे. हेतू धरून स्वस्थ चेहऱ्याने थांबणे म्हणजे कल्पना नव्हे, हे खरे. पण ज्याच्या मनात पुढच्या क्षणाचे चित्र नाही त्याला हे जमेल असेही वाटत नाही.

हेबने तेथे भीतीचाही अभ्यास केला. धडावेगळे केलेल्या चिंपांझीच्या डोक्याची नुसती प्रतिकृती दाखवली तरी प्रौढ चिंपांझी घाबरून पळत, मग त्यांना असे काही पूर्वी कधी इजा करून गेलेले असो वा नसो. त्याहून चमत्कारिक म्हणजे, रोजच्या ओळखीच्या एका नोकराने तितक्याच ओळखीच्या दुसऱ्या नोकराचा कोट अंगात घातला, तरी त्यांची तारांबळ उडे. ओळखीच्या गोष्टीत एक धागा विसंगत झाला की भय उपजते, असा निष्कर्ष त्याने काढला. हा कोट वाचकांनी ध्यानात ठेवावा. व्हिकीच्या प्रकरणात तो पुराव्यादाखल लागणार आहे.

व्हिकी १९४७ साली ठाण्यावर जन्मली. थोड्याच दिवसांत तिला आईपासून काढून कीथ हेज आणि कॅथरीन हेज ह्या दांपत्याने आपल्या घरी नेले. हेतू एकच: तिला बोलायला शिकवायचे. कीथ हेज तिचे ओठ आपल्या बोटांनी दाबून धरी, तिने श्वास सोडला की ओठ सोडी, आणि महिनोन्‌महिन्यांच्या ह्या कसरतीतून ‘मामा’, ‘पापा’, ‘कप’ असे तीन-चार घोगरे, कुजबुजते शब्द तिच्या तोंडून निघाले. चिंपांझीचे बोलणे म्हणून जगाने त्याचे कौतुक केले आणि मग, त्यापुढे काही होत नाही असे पाहून, तो नादच सोडून दिला. कॅथरीनने मात्र ह्या काळातले घरगुती अनुभव ‘द एप इन अवर हाउस’ ह्या पुस्तकात १९५१ साली लिहिले. पुस्तक सामान्य वाचकांसाठी होते. त्याची भाषा खेळकर आहे, कोष्टके नाहीत, आलेख नाहीत.

दोरीला बांधून ओढायच्या खेळण्यांचे जे वय माणसाच्या मुलाला येते तेच व्हिकीला आले होते, आणि गाडी, बाहुली, जोडा, जे हाती लागेल ते ती घरभर ओढीत फिरे. एके दिवशी कॅथरीनने पाहिले, की व्हिकी न्हाणीघरात शौचपात्राभोवती फार सावकाश, फार ठरवून फेऱ्या घालीत आहे. एका हाताची बोटे मागे जमिनीला टेकवली आहेत. मधेच थांबते, वळून हाताकडे पाहते, आणि पुन्हा चालू लागते. दोरी नाही, गाडी नाही. काही दिवस हे रोज चालले. कधी ती उंच जागी बसे आणि मुठीवर मूठ ठेवीत, विहिरीतून पोहरा शेंदावा तशी, खालून काहीतरी वर ओढून घेई. कॅथरीनने हे कोणाला दाखवले नाही आणि व्हिकीला अडवलेही नाही; ती आरशातून पाहत राहिली.

मग तो प्रसंग घडला. फेऱ्या घालता घालता व्हिकी एकदम थबकली. नळाच्या एका मुठीजवळ तिचा ‘दोर’ अडकला असावा. तिने हिसका दिला, पुन्हा दिला, हात ताणून धरला, सुटेना. आणि मग मान वर करून तिने हाक मारली, ‘मामा!’ ओठ दाबून शिकवलेला तो शब्द. कॅथरीन क्षणभर गोंधळली. उत्तर काय द्यावे? तिने फणी ठेवली, पुढे येऊन तो नसलेला दोर व्हिकीच्या हातातून घेतला, बराच खटाटोप केल्यासारखे करून मुठीभोवतीचा गुंता सोडवला आणि दोर परत तिच्या हाती दिला. व्हिकीने तिच्याकडे पाहिले, आणि बोटे मागे टेकवून आपले अदृश्य खेळणे ओढीत धावत सुटली. त्या वेळी व्हिकीच्या चेहऱ्यावर जे भाव होते त्यांचे वर्णन कॅथरीनने एखाद्या मातेने करावे तसे केले आहे, आणि नेमकी तीच गोष्ट शास्त्रज्ञांना खटकली.

पुढे कॅथरीनने स्वतःच एक खेळणे कल्पून ओढायला सुरुवात केली. उघड्या फरशीवरून नेताना ती तोंडाने खडखडाट करी, गालिच्यावरून नेताना आवाज बदलून मऊ करी. व्हिकीने पहिल्यांदा कुतूहलाने येऊन, जेथे दोर खेळण्याला मिळावा त्या जागेकडे वाकून निरखून पाहिले. पण नंतर हाच खेळ पुन्हा मांडला तेव्हा ती भयभीत झाली आणि कॅथरीनच्या अंगावर झेपावून बिलगली. कॅथरीनने खेळ तिथेच टाकला. त्यानंतर व्हिकीने आपले अदृश्य खेळणेही पुन्हा काढले नाही. १९५४ साली, सात वर्षांचीही पुरती झाली नव्हती तोच, ती मेली.

ह्या हकीकतीचे करायचे काय? आक्षेप उघड आहेत. साक्षीदार एक, तीही पोरीची पालक, चित्रफीत नाही, प्रयोग पुन्हा करून पाहायला व्हिकी नाही. जमिनीवरून बोटे ओढण्याची नुसती सवय हाताला जडली असेल. ‘मामा’ म्हटले की काहीतरी मिळते हे तिला शिकवलेच होते. अडकलेल्या दोराची कथा कॅथरीनने आपल्या अभिनयाने पुरवली असेल. ह्यावर पुष्कळ लोक भीतीच्या प्रसंगाकडे बोट दाखवतात: नुसती हाताची सवय असती तर दुसऱ्याचे अदृश्य खेळणे पाहून ती घाबरली का असती? पण येथे हेबच्या ठाण्यावरचा तो कोट आडवा येतो. ओळखीच्या माणसाने परका कोट घातला एवढ्याने जे जनावर बिथरते, ते आपली आई रिकामा हात मागे धरून तोंडाने खडखड करीत चालताना पाहून बिथरले तर नवल नाही. त्यासाठी तिला ते खेळणे ‘दिसलेच’ पाहिजे असे नाही. तेव्हा भीतीचा पुरावा दोन्ही बाजूंना लागतो आणि म्हणून कोणाच्याच कामाचा नाही. राहतो तो पहिला भाग: मागे वळून पाहणे, मुठीवर मूठ ठेवून शेंदणे, आणि दोर अडावा अशाच जागी हात अडणे. खरा अडथळा नसताना खेळात अडथळा निर्माण करणे, हे सवयीचे लक्षण नव्हे. सवय गुळगुळीत असते; तिला कथानक लागत नाही.

ठाण्याने ह्या घटनेचा पाठपुरावा केल्याचे त्याच्या नोंदींत कोठे दिसत नाही. वर्तनवादाच्या त्या दिवसांत असा रकानाच दफ्तरात नव्हता. १९५५ साली ग्रेगरी बेटसनने सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात खेळणारी माकडे पाहून, ‘हे भांडण नव्हे, खेळ आहे’ असा इशारा प्राणी एकमेकांना देतात, तेव्हा लटकेपणाची जाणीव माणसाच्या आधीची आहे, असा निबंध लिहिला; पण तो विचारवंतांत गाजला, प्रयोगशाळांत नाही. १९५६ मध्ये ठाणे एमरी विद्यापीठाकडे गेले आणि १९६५ साली सगळा संसार जॉर्जियातील अटलांटा येथे हलला.

अटलांटात १९७० नंतर एक नवी युक्ती निघाली. कपीच्या कंठातून शब्द निघत नाहीत, तर त्याला चिन्हांचा फलक द्यावा. त्या चिन्हभाषेला यर्कीजांच्या स्मरणार्थ ‘यर्किश’ असे नाव देण्यात आले. १९८० साली एमरीच्या ह्याच संस्थेच्या आवारात कांझी नावाचा बोनोबो जन्मला. शिकवणी चालली होती त्याच्या पालक-आईची, मटाटाची. तिला फारसे काही आले नाही, आणि बाजूला उड्या मारणारा कांझी ऐकून-पाहून शिकला. त्याच्या अभ्यासक सू सॅव्हेज-रंबॉ यांनी नोंदले, की तो कधी कधी नसलेला खाऊ लपवी, मग तो काढून खाल्ल्यासारखे करी. पुन्हा तेच: हकीकत चांगली, पण साक्ष पालकाची.

साक्षीच्या जागी कसोटी यायला आणखी तीसेक वर्षे लागली. आयोवा राज्यातील डे मॉइन येथे, वार्धक्याकडे झुकलेल्या कांझीपुढे अमालिया बास्टोस आणि क्रिस्टोफर क्रुपेन्ये ह्या संशोधकांनी एक साधी भातुकली मांडली. दोन रिकामे पारदर्शक पेले. रिकाम्याच भांड्यातून दोन्हींत रस ओतल्याचा अभिनय. मग एका पेल्यातला ‘रस’ परत ओतून टाकल्याचा अभिनय. आणि प्रश्न, रस कुठे आहे? ५० पैकी ३४ वेळा कांझीने ‘भरलेल्या’ पेल्याकडे बोट दाखवले. त्याला खरेच रस आहे असे तर वाटत नव्हते ना, म्हणून एका पेल्यात खरा रस आणि दुसऱ्यात लटका अशी निवड दिली, तेव्हा त्याने बहुतेक वेळा खरा निवडला. लटके ते लटके हे जाणून तो लटक्याचा हिशेब मनात ठेवीत होता. हा निबंध २०२६ साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात छापून आला. कांझी त्यापूर्वी, २०२५ च्या मार्चमध्ये, चव्वेचाळीस वर्षांचा होऊन वारला होता. यर्कीजांच्या चिमचा जो वंश, तोच कांझीचा, आणि शंभर वर्षांच्या दोन्ही टोकांना बोनोबोच असावा हा योगायोग खरा, पण त्यातून फार अर्थ काढू नये. एका कपीवरून जातीचा निकाल लागत नाही.

शिवाय कांझी माणसांत वाढलेला. लटके खेळणे त्याने आमच्याकडून उचलले, असे कोणी म्हटले तर? त्याचे उत्तर अरण्यात आहे. युगांडातील किबाले अरण्यात १९९३ साली रिचर्ड रँगहम यांनी काकामा नावाच्या आठ वर्षांच्या चिंपांझीला एक ओंडका तासन्‌तास वाहताना पाहिले. त्याची आई तेव्हा गरोदर होती. काकामा ओंडका घेऊन झाडावर निजला, आणि एकदा त्याने त्याच्यासाठी वेगळे लहानसे घरटे केले. त्याच अरण्यातील चौदा वर्षांच्या नोंदी २०१० साली प्रसिद्ध झाल्या, त्यांत काठ्या अशा तऱ्हेने बाळगणाऱ्यांत लहान माद्या नरांहून जास्त दिसल्या, आणि स्वतःला पोर झाल्यावर त्यांनी काठी टाकली. ह्या पोरांना कोणी कपडे घातले नव्हते, बाहुल्या दिल्या नव्हत्या.

ऑरेंज पार्कच्या जमाखर्चात खर्चाची बाजू दाखवणे भाग आहे. ग्वा जेमतेम तीन वर्षे जगली, व्हिकी पुरती सातही नाही. आणि दोघींच्या जन्मदात्या आयांकडून पोरे घेताना त्यांचे म्हणणे काय होते, हे टिपायचे कोणाच्या मनात आले नाही. यर्कीज सुप्रजननवादाचे पुरस्कर्ते होते, म्हणून २०२२ साली एमरी विद्यापीठाने त्यांचे नाव संस्थेवरून उतरवले. पोर घरी वाढवण्याची चाल त्यापूर्वीच मागे पडली होती, आणि २०१५ साली अमेरिकी सरकारने पिंजऱ्यातील चिंपांझींनाही रानातल्यांप्रमाणे संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले. व्हिकीचा प्रयोग जसा झाला तसा आता कोणी करणार नाही, करूही नये. जे दफ्तरात आहे तेवढ्यावरच निकाल द्यायचा, तर कॅथरीन हेज यांची जबानी दुय्यम पुराव्याच्या वर्गात घालून का होईना, पण दाखल करून घ्यावी लागते. आणि कांझीचा दाखला जोडल्यावर, तो निकाल माझ्या मते व्हिकीच्या बाजूने जातो.